वायरिंगच्या बाई

"ओढून बघ."

बाईंचं शिकवणं या दोन शब्दांनी सुरू व्हायचं आणि दिवसभर त्यांच्याभोवतीच फिरायचं. गाडीतल्या तारांचा जो जुडगा असतो, त्याला आमच्या कारखान्यात हार्नेस म्हणत. त्यातल्या प्रत्येक वायरीच्या टोकाला पितळेचं छोटं टर्मिनल दाबून बसवायचं आणि ते प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये सरकवायचं. नीट बसलं की 'टक्' असा बारीक आवाज येतो. आवाज आला म्हणजे काम झालं, असं तुम्ही-आम्ही समजू. बाई समजत नसत. चिमटीत वायर धरून त्या ती अलगद मागे ओढायच्या, मान थोडी तिरकी करून, वायर काहीतरी कुजबुजणार असल्यासारखी. मग समोरच्या मुलीकडे कपलर सरकवायच्या. "आता तू ओढून बघ."

ही सवय शेडपुरती राहिली असती तर ठीक होतं. बसमध्ये चढल्या की बाई आधी वरची दांडी ओढून बघत, मग तिला धरत. कॅन्टीनच्या दाराची कडी, पोराच्या दप्तराचा पट्टा, कुणाच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पिशवी, सगळं ओढून बघत. आमच्या एका सोबत्याच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवाची दोरी ओढून बघितली आणि मांडवाचा एक कोपरा वरपक्षाच्या डोक्यावर आला. गोंधळ उडाला. बाई मात्र हातातली दोरी दाखवत म्हणाल्या, "बघा, सैलच होती. जेवायला बसल्यावर पडला असता."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला खुर्ची दिली की ते तिच्यावर न बसता तिची पाठ धरून उभं राहतं. बाई तशा होत्या. त्यांचा नवरा सातपूर गावात शिंपीकाम करायचा, अतिशय शांत माणूस. "आमच्या घरात बसायचं काम ह्यांच्याकडे आहे," बाई सांगायच्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी सातपूरच्या त्या कारखान्याच्या ट्रेनिंग शेडमध्ये फिटिंग शिकवायला लागलो. पत्र्याची लांबलचक शेड. मधे छातीइतक्या उंचीची लाकडी आडभिंत. अलीकडे माझी पोरं व्हाइसच्या पकडीत लोखंड धरून कानस चालवत. पलीकडे बाईंच्या मुली खिळे मारलेल्या मोठ्या फळ्यांवर वायरी अंथरत. कुठला खिळा, कुठलं वळण, कुठे टेप, सगळं फळीवर काढलेलं असे. बाई त्या फळ्यांमधून फेऱ्या मारत. त्यांच्या चपलांचा फट फट आवाज दिवसभर चालू असायचा. माझी पोरं नकळत त्या तालावर कानस चालवायला लागली होती. बाई रजेवर असल्या की माझ्याकडचं काम मंदावायचं.

बाई मूळच्या मालेगावच्या. वडील यंत्रमागावर. तुटलेला धागा चालत्या मागावर कसा सांधायचा, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. लग्न होऊन नाशिकला आल्या, कारखान्यात हार्नेसच्या लाईनवर लागल्या आणि हात बघून त्यांना शिकवायला घेतलं. एरवी त्या आमच्यासारखंच बोलत. फार घाबरल्या किंवा चिडल्या की मात्र तोंडातून अहिराणी निघायची.

त्यांच्याकडे येणाऱ्या मुली नाशिकरोडच्या वसाहतींतल्या, सिडकोत नव्याने राहायला आलेल्या, सातपूर-अंबडच्या शेतकऱ्यांच्या. कुणी दहावी नापास, कुणी नवऱ्याने टाकलेली. बऱ्याच जणींनी घरातला दिव्याचा खटकाही भीत भीत दाबलेला. बाई त्यांना पहिल्या दिवशी डोळे मिटायला लावत.

"का हो बाई?"

"गाडी दुरुस्त करणारा डॅशबोर्डखाली हात घालतो तेव्हा त्याला काय दिसतं? काहीच नाही. त्याच्या बोटांना कळलं पाहिजे, तर आधी तुझ्या बोटांना कळायला हवं."

कॅन्टीनला जाताना रस्त्यात परीक्षा चालू. "दिव्याची कोणती?" "हॉर्नची?" मुली भजी खाता खाता वायरींचे रंग सांगत. एकदा मी म्हणालो, "बाई, जेवू तरी द्या त्यांना." त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचं लोखंड चुकलं तर दिसतं. माझं चुकलेलं टेपच्या आत झाकलं जातं. मला कशी झोप लागेल?"

तेव्हा मला ते बोलणं गमतीचं वाटलं होतं.

पुढे ऐंशीच्या दशकात कारखान्याला मोठी मागणी आली. नवी गाडी, नवी लाईन, सगळीकडे धावपळ. ट्रेनिंगला नवे अधिकारी आले होते, तरुण, सरळ मनाचे. एका सकाळी ते शेडमध्ये आले. बाई फिरत होत्या म्हणून तेही बाईंबरोबर फळ्यांमधून फिरत बोलू लागले.

"बाई, तीन महिने आता मिळणार नाहीत. तीन आठवड्यांत मुली लाईनवर हव्यात."

"तीन आठवड्यांत मुली रंग ओळखतील, साहेब. हात तयार होणार नाही."

"मला पटतं. पण मलाही वरून सांगतात."

"मग वरच्यांना खाली पाठवा. त्यांनाही शिकवते तीन आठवडे."

साहेब हसले, पण निर्णय बदलला नाही. त्या दिवसापासून बाईंच्या चपलांचा आवाज आणखी भरभर यायला लागला.

त्या तीन आठवड्यांच्या पहिल्याच तुकडीत यमुना होती. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, कोकणा आदिवासी घरातली, सतरा-अठरा वर्षांची मुलगी. सातपूरला मावशीकडे राहायची. बोलणं अगदी कमी. त्यांच्याकडे मोठ्यांनाही 'तू' म्हणतात, त्यामुळे ती बाईंना "बाई, तू बघ ना" म्हणायची आणि इतर मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. बाईंना ते आवडायचं. यमुनाची बोटं फार चपळ होती, आणि तोच तिचा दोष होता. 'टक्' आवाज यायच्या आत तिचा हात पुढच्या वायरीवर गेलेला असे. बाई तिला पुन्हा पुन्हा मागे आणत. आणखी महिनाभर मिळाला असता तर ती घाई गेली असती.

महिना नव्हता. आणि तुकडीत नापास झाली तर यमुनाला घरी परत जावं लागणार होतं. तिथे तिचं लग्न ठरवायला माणसं बसलेलीच होती. शेवटच्या दिवशी बाई आडभिंतीपाशी आल्या. "मास्तर, पोरीला पाठवू का लाईनवर? मन धजत नाही."

"लाईनवर शिकेल की," मी म्हणालो. सगळेच तेव्हा असंच म्हणत होते.

बाईंनी तिला पास केलं.

उन्हाळ्याचे दिवस होते. नव्या गाड्या घाटात चालवून बघायला आमचे ड्रायव्हर कसाऱ्याकडे जात. एका संध्याकाळी घाट उतरताना एका गाडीचे पुढचे दोन्ही दिवे अचानक गेले. अंधार पडला होता, समोर वळण. गाडी कठड्यावर आदळली. ड्रायव्हर वाचला, पण पाय मोडला, मांडीचं हाड. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून कारखान्यात आणली. बॉनेट उघडलं तर दिव्यांच्या कपलरमधून एक वायर निघून लोंबत होती. टर्मिनल अर्धवटच बसलेलं. प्रत्येक हार्नेसवर बनवणारीच्या टोकन नंबरची चिठ्ठी असायची. नंबर यमुनाचा होता.

निरोप घेऊन शिपाई शेडमध्ये आला तेव्हा बाईंनी त्याचा चेहरा बघितला आणि हातातली वायर खाली ठेवली. "काय व्हयनं?"

त्याने सांगितलं. बाई तशाच ऑफिसात गेल्या. मीही मागे गेलो. तिथे मोठे साहेब, आमचे ट्रेनिंगचे साहेब, इन्स्पेक्शनचे लोक जमलेले. यमुनाला आजच्या आज काढायचं, असं बोलणं चाललं होतं. यमुना दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी आत बोलावलंही नव्हतं.

"चूक तिचीच आहे," बाई म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या मुलीची बाजू घेतील. "घाई करते, मला माहीत होतं. माहीत असून मी तिला पास केलं. तेव्हा तिला काढायचं तर मला आधी काढा. पण त्याआधी बाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघू द्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. यमुना एकटी घाईत नव्हती, साहेब. आपण सगळेच होतो."

मोठ्या साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या मोकळ्या जागेत तयार गाड्यांच्या रांगा उन्हात तळपत होत्या. मग ते म्हणाले, "बघा."

ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. साडीवर निळे कोट घातलेल्या पंधरा-वीस बाया, डोक्याला पदर बांधून, त्या गाड्यांवर तुटून पडलेल्या. कुणी बंपरवर पाय देऊन बॉनेटमध्ये वाकलेली, कुणी डॅशबोर्डखाली आडवी. पत्रा इतका तापलेला, की हात ठेवताना फडकं धरावं लागे. बाई या रांगेतून त्या रांगेत धावत होत्या. माझी पोरं पाण्याच्या बादल्या पोचवत होती. त्या दिवशी काम संपलं नाही, दुसरा दिवसही गेला. सैल वायरी आणखी सापडल्या. काही यमुनाच्या, काही तिच्यासारख्या नव्यांच्या आणि एक बाईंच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात हुशार मुलीची. ती मुलगी रडायला लागली. बाई तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "रडायला नंतर जा. पुढची गाडी बघ."

यमुनाला काढलं नाही. तिला पुन्हा ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं. बाईंकडून मात्र शिकवण्याचं काम काढून घेतलं आणि त्यांना लाईनच्या शेवटी तपासणीवर नेमलं. इथवर सगळं निभावलं होतं. पुढे जे झालं ते बाईंच्या अस्वस्थपणामुळे झालं.

बाई त्या जखमी ड्रायव्हरला बघायला दवाखान्यात गेल्या आणि जाताना यमुनाला बरोबर घेऊन गेल्या. मीही होतो. ड्रायव्हरचा पाय वर टांगलेला. माणूस चांगला होता. "बसा ना बाई," म्हणाला. बाई पलंगाची दांडी धरून उभ्या राहिल्या.

"दिवे गेले तेव्हा काय वाटलं हो तुम्हाला?"

"खरं सांगू? दिवे गेले असं वाटलंच नाही. वाटलं, माझेच डोळे गेले."

यमुना पलंगाच्या पायथ्याशी होती. तिने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली नाही. मावशीकडे विचारलं तर समजलं, सकाळच्या एस्टीने गावी गेली.

"मी कशाला नेलं तिला?" बाई मला विचारायच्या. तपासणीवरून सुटल्या की शेडच्या खिडकीशी यायच्या, यमुनाची रिकामी फळी बघायच्या, जायच्या. "मला वाटलं, आपल्या हातचं काम कुठवर जातं ते तिला कळावं. मास्तर, ते मलाच कळायला हवं होतं. तिला तर आधीच कळलं होतं."

जुलैत एका रविवारी त्यांनी ठरवलं, जायचं. नवऱ्याला शाळांचे गणवेश शिवून द्यायचे होते. त्याने मशीन न थांबवता मला सांगितलं, "मास्तर, तुम्ही जा सोबत. ही बसमध्येसुद्धा उभी राहील आणि कंडक्टर मला शिव्या देईल."

दिंडोरी, वणी करत एस्टीने सुरगाण्याला पोचलो. पुढे चालत. पाड्यावर आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. चिखलात कमरेत वाकलेल्या बायकांमध्ये यमुना होती, शेजारी तिची आई. आम्हाला बघून यमुना सरळ झाली आणि तशीच उभी राहिली, हातात भाताच्या रोपांची जुडी. बाई बांधावरच थबकल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग एकदम त्यांनी चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरल्या.

"दे इकडे," म्हणून त्यांनी यमुनाच्या हातातली रोपं घेतली आणि लावायला लागल्या. यंत्रमागाच्या गावातली बाई. थोड्याच वेळात त्यांची रोपं पाण्यावर तरंगायला लागली. बायका खो खो हसल्या. यमुनाची आई पुढे झाली, पण त्याआधी यमुनाच वाकली.

"अशी नाय बाई. अंगठ्यानं दाब. खाली."

बाईंनी अंगठ्याने दाबलं. मग सवयीने रोप चिमटीत धरून ओढून बघितलं. रोप हातात आलं.

"ओढू नको!" यमुना ओरडली. "रोप ओढायचा नसतो. सोडून दे, ता धरतंय मुळं."

बाई हातातल्या रोपाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते पुन्हा लावलं, दाबलं आणि हात मागे घेतला. हात मागे घेणं त्यांना किती जड गेलं ते बांधावरून मला दिसत होतं.

त्या दोघी तशाच बाजूबाजूला लावत पुढे सरकल्या. बरंच अंतर गेल्यावर यमुनाने वर न बघता विचारलं, "त्या बाबाचा पाय बरा झाला का?"

"प्लास्टर काढलं. काठी घेऊन चालतो. परत गाडीवर येणार म्हणतो."

"माझा नाव सांगलास का त्याला?"

"नाही. माझं सांगितलं."

यमुनाने आणखी काही रोपं लावली. "आवणी झाल्यावर येन," ती म्हणाली.

दुपारी त्यांच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं खाऊन आम्ही निघालो. बाई एस्टीत खरोखरच उभ्या राहिल्या, वणीपर्यंत.

यमुना आली. ट्रेनिंगच्या साहेबांनी तिची गैरहजेरी रजा म्हणून धरली होती. त्यांनी तसं आम्हाला कधी सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. तीन आठवड्यांचं शिक्षण त्यांनी भांडून दीड महिन्यावर नेलं, तीन महिन्यांवर ते परत कधीच गेलं नाही. यमुनाला शिकवायला दुसऱ्या शिक्षिका होत्या. बाईंना शेडमध्ये शिकवायची परवानगी नव्हती. त्या जेवणाच्या सुट्टीत यायच्या आणि खिडकीबाहेरून बघायच्या. एकदा यमुना एका वायरीपाशी थांबली, आवाजाची वाट बघत, आणि बाई खिडकीचे गज इतके घट्ट धरून उभ्या होत्या, की मला त्यांचे हात सोडवावेसे वाटले. 'टक्' आवाज आल्यावरच यमुनाने पुढची वायर घेतली. बाई लाईनकडे निघून गेल्या.

वर्षभराने साहेबांनी त्यांना विचारलं, शिकवायला परत येता का. बाई नको म्हणाल्या. "गाडी गेटाबाहेर जाईपर्यंत तिच्याजवळ असते आता मी. इथून हललं तर जीव थाऱ्यावर राहणार नाही." जीव तिथेही थाऱ्यावर नव्हताच. तपासणीवरचे लोक सांगत, की बाईंनी पास केलेली गाडी गेटाशी गेली तरी बाई मागून जाऊन एकदा हात लावून येत.

पुढे त्यांचे वडील आजारी पडले. घरात बघायला दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी नोकरी सोडली, नवऱ्याने मशीन टेंपोत चढवलं आणि ते मालेगावला गेले. निरोपसमारंभात बाईंना नारळ आणि साडी दिली. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या उठल्या, मुलींकडे बघितलं आणि सगळ्यांना पेढे वाटत फिरल्या. मलाच दोनदा दिला.

त्यानंतर बाई कारखान्यात आल्या नाहीत. पत्रं लिहिणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, मीही नव्हतो.

ऐंशीचं दशक सरता सरता मी एका लग्नासाठी धुळ्याला निघालो होतो. मालेगावात आमची एस्टी आग्रा रोडवर अडकली. संध्याकाळ. सायकली, रिक्षा, ट्रक, सगळ्यांचे हॉर्न एकदम. मी खिडकीतून बघत होतो, तर रस्त्याच्या कडेला एक बाई एका ट्रकच्या बरोबरीने पळत होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने ट्रकच्या दारावर थापा.

"ओ भाऊ! डावा दिवा! तुमचा डावा दिवा बंद शे!"

केस बरेच पांढरे झाले होते. मी खिडकीतून हात काढून ओरडलो, "बाई! अहो बाई!" त्या गोंगाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

ट्रकवाला आधी वैतागला. मग गर्दीमुळे थांबावंच लागलं म्हणून खाली उतरला आणि दिव्यावर मुठीने दोन दणके दिले. दिवा लुकलुकला आणि लागला. तो हसून बाईंना काहीतरी म्हणाला. बाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

आमची एस्टी हलली. मी मान वळवून जितकं दिसेल तितकं बघितलं. बाई धुळीत रस्त्याच्या अगदी कडेला उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून, आणि मागून येणाऱ्या पुढच्या गाडीकडे बघत होत्या.